नकाशातले फेझान, कादंबरीतले वाळवंट

इब्राहीम अल-कोनी यांच्या ‘नझीफ अल-हजर’ (दगडाचा रक्तस्राव) या कादंबरीची सुरुवात एका फसलेल्या नमाजाने होते. शेळ्या राखणारा असूफ नमाजाला उभा राहतो आणि नेमक्या त्याच वेळी बोकडांची टक्कर जुंपते. तो समोरच्या कड्याकडे तोंड करून प्रार्थना करतो आहे. कड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी खोदून ठेवलेला एक उंच मुखवटाधारी पुरोहित आहे आणि त्याच्या शेजारी वद्दान, म्हणजे मागे वळलेल्या जाड शिंगांचा रानमेंढा. काबा त्या दिशेला नाही. असूफच्या ते ध्यानातही येत नाही.

कोनींवर जे लिहिले गेले आहे त्यातले बरेचसे या दृश्यातल्या दोन गोष्टींभोवती फिरते. एक, प्राचीन श्रद्धा आणि इस्लाम यांची सरमिसळ. दुसरी, काळाच्या पलीकडचे वाळवंट. त्यांच्या पुस्तकांच्या इंग्रजी अनुवादांवर ‘मिथक’, ‘सूफी’, ‘कालातीत’ ही विशेषणे ठरल्यासारखी येतात. मीही पहिल्या वाचनात त्यांच्याच नादाने वाचत गेलो. दुसऱ्या वाचनात अडखळलो तो एका किरकोळ वाटणाऱ्या तपशिलाशी. असूफ त्या खोऱ्याचा नुसता रहिवासी नाही, तो त्या खोऱ्याचा राखणदार आहे आणि ही राखण त्याच्याकडे पुरातत्त्व खात्याने सोपवलेली आहे. ज्याला आपण कालातीत माणूस म्हणतो, त्याची कुठल्यातरी सरकारी कागदावर नोंद आहे.

हे खाते कुठले, खोरे कुठल्या जिल्ह्यातले आणि तो जिल्हा कुणी आखला, हे विचारले की कादंबरी वेगळी दिसू लागते. ते खोरे मथंदूशचे आहे. ते मेस्साक नावाच्या काळ्या पठारात आहे आणि मेस्साक आजच्या लिबियाच्या नैर्ऋत्य भागात, फेझान या प्रदेशात मोडते. तिथल्या मगरी, हत्ती, जिराफ यांच्या कोरीव आकृत्या मेस्साकवर एके काळी पाणी होते याची साक्ष देतात. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ १८५० साली या भागातून गेला आणि त्याने इथल्या शिलाचित्रांची दखल घेतली. १९३२ साली लिओ फ्रोबेनियस इथे चित्रांचा अभ्यास करायला आला. कादंबरीतले परदेशी पाहुणे कोनींनी कल्पनेतून काढलेले नाहीत.

फेझानचे क्षेत्रफळ ढोबळमानाने साडेपाच लाख चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या पावणेदोन पट. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. फेझानमध्ये त्या आहेतच. उत्तरेला उबारीचा आणि दक्षिणेला मुर्झुकचा, असे वाळूचे दोन समुद्रच आहेत. पण दोहोंच्या मध्ये मेस्साकचे खडकाळ पठार कमानीसारखे वळलेले आहे आणि आणखी उत्तरेला अल-हमादा अल-हमरा हे तांबूस दगडांचे सपाट, निष्पर्ण मैदान आहे. माणसे राहिली ती या सगळ्यांच्या मधल्या तीन अरुंद पट्ट्यांत : उत्तरेला वादी अल-शाती, मध्ये मेस्साकच्या पायथ्याशी वादी अल-अजल आणि दक्षिणेला मुर्झुकचा खोलगट भाग. बारमाही नदी एकही नाही. आहे ते सगळे पाणी जमिनीखाली. जिथे ते वरच्या थरात आले तिथे खजुराची झाडे, तिथे गाव आणि तिथेच पुढे राजधानी. फेझानचा इतिहास म्हणजे बहुतेक या तीन पट्ट्यांचाच इतिहास, आणि कोनींच्या कादंबऱ्या या तीन पट्ट्यांकडे पाठ करून उभ्या आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे. मात्र त्यासाठी आधी पट्ट्यांकडे नीट पाहायला हवे.

हेरोडोटसच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात गारामान्त नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. हे लोक मिठावर माती पसरून त्यात पेरणी करतात आणि चार घोड्यांच्या रथांतून गुहेत राहणाऱ्या इथिओपियनांची शिकार करतात, असे तो सांगतो. एका वाक्यात शेती, पुढच्या वाक्यात माणसांची शिकार. पुढची दोन हजार वर्षे फेझान या दोन गोष्टींवर चालले. रोमन सेनापती कॉर्नेलियस बाल्बुस याने या मोहिमेबद्दल इसवी सनपूर्व १९ मध्ये रोममध्ये विजयोत्सव साजरा केला. रोमन लेखकांच्या ‘फाझानिया’मधूनच आजचे फेझान हे नाव आले. गारामान्तांची राजधानी गारामा, आजचे जर्मा, वादी अल-अजलमध्ये आहे. आधी चार्ल्स डॅनियल्स यांनी आणि १९९७ पासून डेव्हिड मॅटिंग्ली यांच्या पथकाने तिथे जे काम केले, त्यातून वाळवंटातल्या टोळीचे चित्र मावळले आणि शहरे, किल्ले, सिंचन असलेले राज्य दिसू लागले.

त्या सिंचनाचे नाव फोग्गारा. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल उंचावर आहे, तिथे खोल विहीर घ्यायची आणि तिच्या तळापासून खोऱ्याकडे अगदी हलक्या उताराचा बोगदा खणत जायचे. ठरावीक अंतरावर वरून उभी भोके पाडायची, म्हणजे खणलेली माती वर काढता येते आणि आत हवा खेळते. पाणी कुठलेही यंत्र किंवा जनावर न लागता स्वतःच्या ओढीने शेतापर्यंत येते. वादी अल-अजलमध्ये असे पाचशेहून अधिक फोग्गारा नोंदले गेले आहेत. मराठी वाचकाला हे तंत्र परके नाही. औरंगाबादेची नहर-ए-अंबरी याच कुळातली, आणि ती बांधवणारा मलिक अंबर स्वतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. फेझानमध्ये मात्र बोगदे खणणाऱ्यांपैकी कुणी वर आल्याचा दाखला नाही. एवढ्या अंतराचे बोगदे दक्षिणेकडून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावरच झाले असावेत, असा पुरातत्त्वज्ञांचा कयास आहे. पुढे भूजल उपशाने खाली गेले, बोगदे एकेक करून कोरडे पडले आणि गारामान्तांचे राज्य विरत गेले.

त्यानंतरच्या राजधान्या पाण्याइतक्याच व्यापाराच्या वाटेवर उभ्या राहिल्या. प्रथम झवीला, तिथे बनू खत्ताब घराणे. मग चाड सरोवराकडच्या कानेम राज्याचा अंमल आला तेव्हा त्राघन. सोळाव्या शतकापासून मुर्झुक, तिथे अवलाद मुहम्मद घराण्याने सुमारे अडीचशे वर्षे राज्य केले. बोर्नूहून निघालेले तांडे बिल्मामार्गे मुर्झुकला आणि तिथून त्रिपोलीला जात. मालात हस्तिदंत असे, शहामृगाची पिसे असत, आणि सगळ्यांत जास्त असत माणसे. १८१३ मध्ये त्रिपोलीच्या युसुफ करामानलीच्या वतीने अल-मुक्नी याने हे घराणे संपवले. १८१९ साली ब्रिटिश नौदलाचा जॉर्ज लायन मुर्झुकला पोहोचला. त्याचा सोबती जोसेफ रिची तिथेच आजारात मेला. लायन परतला तो एका गुलामांच्या तांड्याबरोबर आणि ते सगळे त्याने लिहून ठेवले. उस्मानी सत्तेने १८४२ मध्ये फेझान पुन्हा थेट ताब्यात घेतले आणि १८५७ मध्ये साम्राज्यात आफ्रिकी गुलामांच्या व्यापाराला बंदी केली. मुर्झुकपर्यंत ती बंदी पोहोचायला फार वर्षे लागली.

विसाव्या शतकातली गोष्ट झरझर सांगता येईल, कारण ती मुख्यतः हुकुमांची आहे. इटलीने १९११ मध्ये लिबियावर स्वारी केली, १९१४ मध्ये मुर्झुक घेतले, त्याच वर्षी गमावले आणि १९३० च्या सुमारास ग्रात्सियानीच्या मोहिमेत पुन्हा मिळवले. जानेवारी १९४३ मध्ये चाडकडून आलेल्या लक्लेर्कच्या फ्रेंच सैन्याने इटालियनांना हटवले. मग आठ वर्षे ‘फेझान-घदामेस लष्करी प्रदेश’ या नावाचा फ्रेंच कारभार चालला. त्याची पोस्टाची वेगळी तिकिटेसुद्धा होती. १९४९ मध्ये बेव्हिन आणि स्फोर्झा या परराष्ट्रमंत्र्यांनी लिबिया तिघांत वाटायची योजना केली, त्यात फेझान फ्रान्सच्या वाट्याला होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ती योजना फेटाळली गेली. २४ डिसेंबर १९५१ रोजी लिबिया स्वतंत्र झाला तो त्रिपोलितानिया, सायरेनैका आणि फेझान अशा तीन प्रांतांचे संघराज्य म्हणून. घटना बनवणाऱ्या साठ जणांच्या सभेत प्रत्येक प्रांताचे वीस सदस्य होते. फेझानची लोकसंख्या तेव्हा साठ हजारांच्या आतबाहेर होती, तरी मते बरोबरीची. फेझानला इतके वजन त्याआधी कधी मिळाले नव्हते, नंतरही मिळाले नाही. १९६३ मध्ये संघराज्य मोडले आणि प्रांत गेले. गद्दाफींच्या काळात जिल्हे पुन्हा पुन्हा आखले गेले. ‘अजल’ या शब्दाला मरणाच्या घटकेचा वास येतो म्हणून वादी अल-अजलचे नावही वादी अल-हयात, म्हणजे जीवनाचे खोरे, असे झाले.

कोनींचा जन्म १९४८ साली घदामेसच्या परिसरात, तुआरेग कुटुंबात झाला. म्हणजे वर सांगितलेल्या त्या फ्रेंच लष्करी प्रदेशात, ज्याचे आयुष्य अवघे आठ वर्षांचे होते. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना अरबी वाचता-लिहिता येत नव्हते. पुढे ते मॉस्कोच्या गॉर्की साहित्य संस्थेत शिकले, नंतर बरीच वर्षे स्वित्झर्लंडमध्ये राहिले. पुस्तके मात्र सगळी अरबीत लिहिली. त्यांची जमात लिबिया, अल्जीरिया, नायजर, माली या चार-पाच देशांत विभागलेली आहे आणि त्या विभागणीला जमातीची संमती कुणी विचारली नव्हती. अशा लेखकाने जिल्ह्याचे नाव टाळून पठाराचे, वाऱ्याचे, झाडाचे नाव घ्यावे यात नवल नाही.

आता कादंबरीकडे परत येऊ. असूफचा बाप माणसांपासून दूर राहायचे शिकवून गेला. तो वद्दानच्या मागे लागला आणि कड्यावरून कोसळून मेला. आई पुरात वाहून गेली. वाळवंटात पुराने मरण येणे वाचकाला अतिशयोक्ती वाटते, पण मेस्साकच्या घळींमध्ये ते शक्य आहे. असूफ स्वतः कड्यावर लटकलेला असताना वद्दानने त्याला वाचवले आणि तेव्हापासून त्याने मांस सोडले. एकटा पडल्यावर तो वस्तीवर गेला, तर तिथे इटालियनांची सैन्यभरती चालू होती. तो पकडला गेला आणि सुटला तो वद्दानचे रूप घेऊन, असे कोनी लिहितात. या रूपांतराबद्दल समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे. मला त्याच्या अलीकडचे वाक्य महत्त्वाचे वाटते. जन्मभरात असूफ एकदाच ओअॅसिसला जातो, आणि तिथे त्याला पहिल्यांदा भेटते ते सरकार.

नंतर सरकार त्याच्याकडेच येते, पुरातत्त्व खात्याच्या रूपाने. शेवटी मोटारीतून केन आणि त्याचा साथीदार मसूद येतात. केन जन्मापासून हरणाच्या रक्तावर वाढलेला, मांसाशिवाय जगू न शकणारा. त्याच्या मागे जॉन पार्कर हा अमेरिकी तळावरचा अधिकारी आहे. उत्तरेकडच्या मैदानातली हरणे संपली म्हणून हे लोक दक्षिणेला वद्दान शोधत आले आहेत. ही बायबलमधली केनची कथा आहे, पण ती १९५०-६० च्या दशकांतल्या लिबियाचीही कथा आहे, त्रिपोलीजवळ अमेरिकी विमानतळ असलेल्या, तेल शोधणाऱ्या मोटारी हमादावर फिरू लागलेल्या लिबियाची. असूफ वद्दानचा ठावठिकाणा सांगत नाही. केन त्याला त्या कोरीव चित्राच्या कड्यावर बांधून मारतो. दगडावरून रक्त वाहते आणि पाऊस येतो. ज्या वारशाच्या रक्षणासाठी त्याला नेमले होते त्याच वारशावर राखणदाराला मारले जाते. हा अंत पौराणिक आहे हे खरे. तो एका खात्याच्या नाकर्तेपणाचा पंचनामाही आहे, आणि याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. २००९ साली शेजारच्या अकाकुस डोंगरातल्या, १९८५ पासून जागतिक वारसा असलेल्या चित्रांवर कुणीतरी फवारणीच्या रंगाने रेघोट्या मारल्या, तेव्हा मला या अंताची आठवण झाली.

त्याच वर्षी, १९९० मध्ये आलेली ‘अत-तिब्र’ (सोन्याची धूळ) मला अधिक थोर वाटते. उखय्यद हा खानदानी तुआरेग तरुण आणि त्याचा ठिपक्याठिपक्यांचा सांडणी उंट, एवढीच ती गोष्ट. उंटाला खरूज होते, उखय्यद त्याला औषधी वनस्पतीच्या माळावर नेतो, तानीत देवीला नवस बोलतो आणि विसरतो. मग लग्न, मूल, दुष्काळ. उत्तरेत इटालियनांशी लढाई चालू आहे आणि ओअॅसिसमध्ये खायला नाही. बायकोमुलासाठी तो उंट गहाण टाकतो. उंट दावे तोडून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे येतो. उंट हवा असेल तर बायकोला तलाक दे, अशी अट सावकार घालतो. उखय्यद ती मान्य करतो आणि वर मूठभर सोन्याची धूळही हातात पडते. लोक म्हणू लागतात, याने बायको-पोर सोन्यासाठी विकले. तिथून पुढचा सगळा विनाश. गहाणखताच्या पानांत कोनी जे करतात ते क्वचित कुणाला जमेल. माणसाच्या मनातली लाज ते उंटाच्या चालीतून दाखवतात.

पण याच पानांत माझी तक्रार सुरू होते. कोनींच्या जगात ओअॅसिस म्हणजे गहाण, भरती, बाजार, अपमान. स्थिर झाला तो गुलाम, असा त्यांच्या लेखनाचा जवळजवळ नियम आहे. फेझानच्या इतिहासात मात्र ‘गुलाम’ हा शब्द रूपक नव्हता. मुर्झुकच्या बाजारात त्याला भाव होता. खजूर लावणारे, फोग्गारा उपसणारे, विहिरीवर मोट ओढणारे, पिढ्यान्‌पिढ्या त्या पट्ट्यांत राहिलेले काळे कुणबी या कादंबऱ्यांत जवळपास दिसतच नाहीत. तुआरेग समाजातही सरदार, मांडलिक आणि गुलाम अशी उतरंड होती. खानदानी माणसाने नांगराला हात लावायचा नाही हा संकेत टिकला, कारण तो हात दुसऱ्या कुणाचा तरी होता. उखय्यदच्या अभिमानात हे सगळे गृहीत धरलेले आहे. कोनी त्याचा अभिमान तपासतात, गृहीतक तपासत नाहीत. भटक्यांच्या स्वातंत्र्याला धान्य आणि खजूर पुरवणारे ओअॅसिस होते, ही गोष्ट त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी ती वगळली आहे.

या वगळण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गद्दाफींच्या राज्यात अरबीखेरीज दुसरी ओळख मान्य नव्हती आणि तुआरेगांच्या भाषेला शाळेत जागा नव्हती. अशा राज्यात, अरबीतच, तानीतचे नाव घेणारे, तिफिनाग लिपीच्या खुणा आणणारे वाळवंट उभे करणे हा प्रतिकार होता. सरकारी नकाशावर नाव घालायला नकार देणे ही कोनींची राजकीय भूमिका मानता येईल. मात्र नकाशावरून स्वतः उतरणे आणि दुसऱ्याने आपल्याला उतरवणे यांत फरक आहे. फेझानमधल्या अनेक तुआरेग कुटुंबांकडे आजही नागरिकत्वाचे पूर्ण कागद नाहीत, आणि कागद नसेल तर पगार, अनुदान, महाविद्यालय सगळेच अडते. त्यांना कालातीत असणे परवडत नाही. २०१४ मध्ये उबारी गावात तुआरेग आणि तेबू या दोन जमातींत लढाई पेटली, ती दीड वर्ष चालली आणि अर्धे गाव रिकामे झाले. उबारीच्या जवळच शरारा हे लिबियातल्या मोठ्यांपैकी एक तेलक्षेत्र आहे. इतकी वर्षे शेजारी राहिलेल्या तेबूंनाही कोनींच्या या दोन कादंबऱ्यांत शोधावेच लागते.

आपल्याकडे ‘प्रादेशिक कादंबरी’ म्हटले की आधी बोलीचा विचार होतो, मग मातीचा, मग रूढींचा. प्रदेश कुणी आखला हा प्रश्न मागे राहतो. ‘बनगरवाडी’चा माणदेश आज सातारा, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत वाटलेला आहे, माणदेश नावाचा जिल्हा कधीच नव्हता. पण व्यंकटेश माडगूळकरांनी वाडीत जो निवेदक पाठवला तो औंध संस्थानचा मास्तर आहे, नेमणुकीचा हुकूम घेऊन आलेला. धनगरांची वाडी आपल्याला दिसते ती सरकारी नोकराच्या डोळ्यांनी, आणि तो नोकर हळूहळू ओशाळत, शिकत जातो. कोनींनी मथंदूशच्या खोऱ्यात असाच एक नेमलेला माणूस ठेवला. फक्त तो बाहेरून आलेला नाही, आतलाच आहे, आणि त्याला शिकायला वेळ मिळत नाही. हे दोन राखणदार शेजारी ठेवले की ‘प्रादेशिक’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो ते कळते.

कोनींच्या अनेक पुस्तकांत ‘वाव’ येते, तुआरेगांचे हरवलेले नंदनवन. शोधणाऱ्याला ते सापडत नाही, आणि वाट चुकून तहानेने मरायला टेकलेल्या माणसाला कधीतरी दिसते. फेझानच्या नकाशावर मात्र वाव नावाच्या दोन जागा आहेत. एक वाव अल-कबीर. दुसरी वाव अन-नामूस, मैलोन्‌मैल पसरलेल्या काळ्या ज्वालामुखी राखेच्या मधोमध एक विवर. आत तीन लहान तळी आहेत, काठाने लव्हाळे आहेत. पाणी खारट आहे, आणि नावाचा अर्थ आहे ‘डासांचे वाव’.